खलनायक नसलेला ‘टोटोरो’ बनला कसा?

तुम्ही विचारलंय की ‘माय नेबर टोटोरो’ या जपानी अ‍ॅनिमेशनपटात ना खलनायक, ना शर्यत, ना कुठली लढाई, तरी चार वर्षांचं मूल जागचं न हलता तो पूर्ण कसं बघतं? हा सिनेमा बनला कसा? आणि लहान मुलांसाठी अर्ध्या तासाची फिल्म करू पाहणाऱ्या तुमच्या छोट्या टीमनं त्यातून काय घ्यावं? मी आयुष्यभर हातानं काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्येच काम करत आलोय. आधी इनबिटवीन (दोन मुख्य चित्रांमधली चित्रं), मग की-ड्रॉइंग (हालचालीची मुख्य चित्रं), मग स्टोरीबोर्ड (सिनेमाची चित्रांतली आखणी). नव्या मुलांना शिकवताना हा सिनेमा फ्रेम-फ्रेम पुढे-मागे करून दाखवणं हा माझा आवडता तास असतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या सिनेमाचं बळ टोटोरो हा जंगलातला प्राणी पडद्यावर येण्याआधीच्या अर्ध्या तासात आहे. त्या अर्ध्या तासात सात्सुकी आणि तिची धाकटी बहीण मेइ या दोन मुली इतक्या खऱ्या करून ठेवल्या आहेत की पुढे त्यांना जे दिसतं ते आपल्यालाही दिसतं. दिग्दर्शकानं चित्रांचा आणि वेळेचा खर्च कुठे केला आणि कुठे हात आखडता घेतला, हे कळलं की तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मिळतं.

आता हकिकत. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या डोक्यात ही कल्पना १९७०च्या दशकापासून होती. पावसात बसथांब्यावर उभी असलेली एक मुलगी आणि शेजारी उभा असलेला एक अजस्र केसाळ प्राणी, अशी चित्रं त्यांनी तेव्हाच काढून ठेवली होती. त्याच दशकात दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्याबरोबर केलेल्या कामातही हे बी दिसतं. ताकाहातांनी १९७२ मध्ये दिग्दर्शित केलेल्या ‘पांडा! गो पांडा!’ची गोष्ट मियाझाकींची होती, आणि त्यातला रुंद जबड्याचा, गोल पोटाचा पांडा बघितला की टोटोरोचा थोरला भाऊ भेटल्यासारखं वाटतं. मग १९७४ मध्ये आली ‘हायडी’ ही ५२ भागांची टीव्ही मालिका. दिग्दर्शक पुन्हा ताकाहाता, लेआउट मियाझाकींचे. दर आठवड्याला एक भाग, आणि त्यातल्या प्रत्येक शॉटची मांडणी एकाच माणसाच्या हातून जायची. घरात शिरणं, जिना चढणं, गवतात झोपणं, भांडं उचलणं यांसारख्या साध्या हालचालींवर मालिका उभी करता येते, हे त्या वर्षभरात दोघांनी सिद्ध केलं. ‘टोटोरो’ची खरी पूर्वतयारी तिथे झाली असं मला ठामपणे वाटतं.

पण पैसे लावणाऱ्यांना गोष्ट पटेना. १९८४ चा ‘नौसिका’ आणि १९८६ चा ‘लापुता’ हे मियाझाकींचे आधीचे दोन सिनेमे साहसकथा होते. उडणारी यंत्रं, युद्धं, उद्ध्वस्त संस्कृती. त्यानंतर हा माणूस म्हणतोय की खेड्यातल्या मुलीची आणि जंगलातल्या एका प्राण्याची गोष्ट करू, त्यात विशेष काही घडत नाही. नकार येणारच. तोडगा काढला निर्माते तोशिओ सुझुकी यांनी. ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ आणि हा, असे दोन सिनेमे एकाच तिकिटावर दाखवायचे. ‘फायरफ्लाइज’ ज्या कथेवर होता ती प्रकाशित करणारी शिन्चोशा ही प्रकाशन संस्था तिकडे पैसे घालणार आणि तोकुमा शोतेन ही दुसरी प्रकाशन संस्था इकडे. एका सिनेमात भूत आणि दुसऱ्याच्या नावातच थडगं, यावर कंपनीतले वरिष्ठ वैतागले होते, असं सुझुकींनीच सांगितलं आहे. शेवटी १६ एप्रिल १९८८ रोजी दोन्ही सिनेमे एकत्र लागले. एकाच स्टुडिओतून, एकाच वेळी, दोन पूर्ण लांबीचे हातानं काढलेले सिनेमे. हे सिनेमे करणारा स्टुडिओ जिब्ली तेव्हा अवघा तीन वर्षांचा होता. या धंद्यात राहिलेल्या माणसाला हे वाचून धडकी भरेल.

कारण माणसं तीच. चांगले अ‍ॅनिमेटर मोजके असतात आणि ते रात्रीतून तयार होत नाहीत. योशिफुमी कोन्दो हा मुलांच्या हालचाली काढण्यात असामान्य हात असलेला कलाकार दोन्ही दिग्दर्शकांना हवा होता. त्यावरून चांगलीच ओढाताण झाली आणि तो ताकाहातांकडे गेला. ‘टोटोरो’चा अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक झाला योशिहारू सातो. सातोनं मुलींना जी गोलाई आणि उबदारपणा दिला, तो पाहता सिनेमाचं काही नुकसान झालं असं मला वाटत नाही.

याच जोड-प्रदर्शनातून सिनेमातला सगळ्यात मोठा निर्णय निघाला. सुरुवातीला दोन्ही सिनेमे साधारण तासाभराचे ठरले होते. ताकाहातांचा लांबत चाललाय हे कळल्यावर मियाझाकींनीही आपला लांबवायचा ठरवला आणि त्यासाठी एका मुलीऐवजी दोन बहिणी केल्या, अशी आठवण सुझुकी सांगतात. तोवर गोष्टीत एकच मुलगी होती. पोस्टर नीट बघा: बसथांब्यावर टोटोरोशेजारी उभी असलेली मुलगी ना सात्सुकी आहे ना मेइ, दोघींचं मिश्रण आहे. दोघींना घेऊन ते चित्र जमेना, म्हणून जुनीच मुलगी पोस्टरवर राहिली.

कारण काहीही असो, एकीच्या दोघी झाल्या आणि सिनेमाला कणा मिळाला. एकटी मुलगी असती तर तिचा टोटोरो म्हणजे एकटेपणातलं स्वप्न, असं कुणीही म्हणून मोकळं झालं असतं. दोघी झाल्यावर काम वाटलं गेलं. चार वर्षांची मेइ विचार न करता शिरते, पकडते, पडते, हट्ट करते. शाळेत जाणारी सात्सुकी वेण्या घालून देते, डबे करते, बाबांना उठवते आणि आई आजारी असल्याची भीती आत दाबून ठेवते. मूल बघायला बसलं की ते मेइ असतं. त्याच्या शेजारी बसलेली आई किंवा मोठी ताई सात्सुकी असते. दोघांना एकाच वेळी धरून ठेवणारा कौटुंबिक सिनेमा करणं फार अवघड, आणि इथे ते पात्रांच्या रचनेतच सुटलं आहे.

आता प्रत्यक्ष चित्रांकडे येऊ, कारण खरी श्रीमंती तिथे आहे.

नव्या घरी आल्यावरचा पहिला प्रसंग आवाज बंद करून बघा. सात्सुकी पळते, मेइ तिच्या मागे. सात्सुकी ओरडते, मेइ तेच ओरडते. सात्सुकी कुजका खांब हलवून बघते, मेइही हलवते. धाकटं भावंड थोरल्याची नक्कल क्षणभर उशिरा करतं, आणि तो उशीर इथे बरोबर पकडलाय. हालचाल एकदम झाली असती तर त्या एकाच साच्यातल्या दोन बाहुल्या वाटल्या असत्या. एक्सपोजर शीटवर (कोणतं चित्र किती फ्रेम धरायचं त्या तक्त्यावर) हा फरक म्हणजे मोजक्या फ्रेमचा खेळ आहे, पण त्या फ्रेम कुठे घालायच्या हे कळायला लहान मुलांकडे टक लावून पाहावं लागतं.

मेइचं पळणंही तसंच. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं असतं, त्यामुळे पळताना तोल पुढे जातो आणि पाय त्याला गाठायला धावतात. प्रत्येक पावलाला ते पडणार असं वाटतं. आपल्याकडे शिकलेला नवा अ‍ॅनिमेटर मुलाचं पळणं काढतो तेव्हा मोठ्या माणसाच्या धावण्याचे की-पोज लहान करून टाकतो. मग पडद्यावर बुटका माणूस पळतो. मेइ कधीही बुटकी बाई वाटत नाही. ती उकिडवी बसते तेव्हा तिचा पार्श्वभाग जवळजवळ जमिनीला टेकतो, ती उठते तेव्हा आधी हात टेकते.

आणि मेइला टोटोरो सापडतो तो भाग. बाबा टेबलाशी काम करत बसलेत, ती फुलं आणून त्यांच्या टेबलावर मांडते, अंगणात फिरते, डबक्यातले बेडूकमासे बघते, बूड गेलेली बादली सापडते. त्या बादलीतून दुर्बिणीसारखं बघताना तिला गवतात एक ओकचं फळ दिसतं. मग दुसरं. मग पारदर्शक होत जाणारा तो छोटा पांढरा प्राणी. मग घराच्या जोत्याखालची पोकळी, झुडपातला बोगदा आणि शेवटी अजस्र पोटावर धपकन पडणं. यात संवाद जवळपास नाहीतच. प्रत्येक पायरी मुलाच्या नेहमीच्या खेळातली आहे, आणि एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना अशक्य गोष्ट कुठून सुरू झाली ते सांगता येत नाही. ८६ मिनिटांच्या सिनेमाचा एक तृतीयांश भाग तोवर संपलेला असतो. आजच्या कुठल्याही बैठकीत ‘प्राणी पाचव्या मिनिटाला आणा’ असं सांगितलं जाईल. आणला असता तर सिनेमा मेला असता.

टोटोरो मोठा वाटतो तो नुसत्या आकारानं नव्हे. अ‍ॅनिमेशनमध्ये वजन म्हणजे वेळ. मेइ त्याच्या पोटावर चढते तेव्हा ते पोट श्वासाबरोबर सावकाश वर येतं, सावकाश खाली जातं, आणि मेइ त्याच्यावर वरखाली होते. तो डोळा उघडतो तोही घाई न करता. ती नाक खाजवते, त्याची प्रतिक्रिया उशिरा येते. चपळ मेइ आणि मंद टोटोरो एकाच चौकटीत असल्यामुळे दोघांचंही वजन आपोआप ठरतं. त्याच्या अंगावरचे केस एकेक काढलेले नाहीत, कडेला थोडीशी दातेरी रेघ आणि छातीवर काही खुणा, बस. मऊपणा आपल्याला दिसतो तो मेइची बोटं आत रुततात म्हणून.

याच्या उलट टोकाला मांजर-बस, म्हणजे मांजराच्या रूपातली जिवंत बस आहे. बारा पाय. चार पायांचा प्राणी पळवताना अ‍ॅनिमेटरचा घाम निघतो, बारा पायांचं काय होत असेल? पाय एकेक मोजायला गेलात तर हरलात. लाट पुढून मागे सरकावी तसे ते पाय हलतात, आणि नजर पायांवर न राहता धावण्यावर राहते.

बसथांब्याचा प्रसंग मी शिकवताना नेहमी शेवटी ठेवतो. संध्याकाळ, पाऊस, बाबांची बस आलेली नाही. मेइ पेंगायला लागते, सात्सुकी तिला पाठीवर घेते आणि छत्री मानेत धरते. दिवा लागतो. समोरून एक बेडूक रस्त्यानं जातो. आणि आपण थांबतो. दिग्दर्शक अक्षरशः वाट बघायला लावतो. हातानं काढलेल्या सिनेमात वाट बघणं स्वस्त असतं असं कुणाला वाटेल, कारण पात्र हलत नाही म्हणजे चित्रं कमी. पण स्थिर चित्र पडद्यावर फार वेळ ठेवलं की ते मरतं, प्रेक्षकाला लगेच कळतं की हा कागद आहे. इथे पाऊस त्याला जिवंत ठेवतो. पावसाच्या रेघा, डबक्यातली वर्तुळं, छत्रीच्या कडेवरून गळणारे थेंब असे वेगवेगळे थर चालू राहतात आणि मुलगी निश्चल उभी राहू शकते.

मग छत्रीच्या कडेखालून आधी फक्त मोठ्ठी नखं असलेला पाय दिसतो. सात्सुकीला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला. ती छत्री हळूच वर करते. डोक्यावर एक पान ठेवून तो उभा. ती त्याला बाबांची छत्री देते. छत्रीवर थेंब पडल्याचा आवाज त्याला आवडतो, अंगावर शहारा येतो, तो उडी मारतो, जमीन हादरते आणि झाडांवरचं सगळं पाणी एकदम कोसळतं. तो खूष होऊन गर्जना करतो. हा सबंध सिनेमातला सर्वांत मोठा ‘धमाका’ म्हणायचा तर हाच, आणि तो निव्वळ आनंदाचा आहे. मी कितीही वेळा बघितला तरी त्या उडीआधीच्या थांबण्याला माझा हात आपोआप थांबतो.

खर्चाचं गणित इथेच सांगतो. २४ फ्रेमच्या हिशोबानं ८६ मिनिटं म्हणजे १,२३,८४० फ्रेम. जपानी पद्धतीत एक चित्र सहसा दोन किंवा तीन फ्रेम धरतात, तीनवर धरलं तर सेकंदाला आठ चित्रं लागतात. म्हणजे सरसकट चित्रांचा महापूर आणणं हा इथला मार्गच नाही. मेइ घसरते, धडपडते तिथे चित्रं सढळ हातानं. ती बसून ऐकते तिथे एक चित्र आणि पापण्या. प्रत्येक चित्र कागदावरून सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ कागदावर, मागून रंग, मग बॅकग्राउंडवर ठेवून कॅमेऱ्याखाली एकेक फ्रेम. तुम्ही संगणकावर काम कराल तेव्हा यातला रंगवण्याचा आणि कॅमेऱ्याचा त्रास वाचेल. कुठे चित्र खर्चायचं हा निर्णय मात्र तुम्हालाच घ्यावा लागेल.

बॅकग्राउंडबद्दल बोललो नाही तर अन्याय होईल. कला दिग्दर्शक काझुओ ओगा यांचा हा जिब्लीतला पहिला सिनेमा. पोस्टर कलरमध्ये, ब्रशनं, कागदावर त्यांनी जे गवत आणि जी झाडं रंगवली त्यांची नक्कल जगभर चालते. गोष्ट घडते ती टोकियोजवळच्या सायतामा भागात, १९५०च्या दशकात, घरोघरी टीव्ही येण्याआधी. मियाझाकी त्याच भागातल्या तोकोरोझावाला राहतात, सायामाच्या टेकड्या त्यांच्या पायाखालच्या. तिथल्या कांतो मैदानाची माती ज्वालामुखीच्या राखेची, तांबूस तपकिरी. ओगा उत्तरेकडच्या अकिताचे, त्यांच्या डोळ्यांत बसलेली माती काळसर. मातीचा रंग कोणता हा तिथे चर्चेचा विषय होता. आता कोणतं मूल मातीचा रंग बघायला बसतं? एकही नाही. पण मेइ जिथे उकिडवी बसते ती जागा खरी असल्याशिवाय ती तिथे उकिडवी बसल्यासारखी वाटत नाही. तुमच्या फिल्ममध्ये ‘कुठलंही एक गाव’ असेल तर ते आधी ठरवा: कुठलं, कोणत्या महिन्यातलं, ऊन कोणत्या वेळचं.

संगीत संगीतकार जो हिसाइशींचं. सुरुवातीच्या चालत जाण्याच्या गाण्याचे शब्द बालसाहित्यिका रिएको नाकागावा यांचे. गाण्यांचं काम सिनेमा पूर्ण होण्याआधीच सुरू झालं होतं. संगीत हे माझं क्षेत्र नाही, त्यामुळे एवढंच सांगतो की जिथे पाऊस बोलतो तिथे वाद्यं मागे थांबतात.

तुम्ही संघर्ष नाही म्हणालात, तिथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. आई रुग्णालयात आहे. हीच सगळ्या सिनेमाखालून वाहणारी भीती. मियाझाकींची आई त्यांच्या लहानपणी पाठीच्या क्षयानं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होती, म्हणून ही भीती बाहेरून चिकटवलेली वाटत नाही. तार येते, आईचं घरी येणं लांबतं, मेइ हट्टाला पेटते, सात्सुकी तिच्यावर ओरडते. आणि मग इतका वेळ समजूतदार राहिलेली सात्सुकी शेजारच्या आजींसमोर तोंड वासून, लहान मुलासारखी रडते. धाकटी ते बघते. थोरली रडली म्हणजे खरंच काहीतरी वाईट आहे, असं तिला वाटतं, आणि म्हणून ती मक्याचं कणीस घेऊन एकटी आईकडे निघते. मेइ हरवण्याचं कारण खलनायक नाही, बहिणीचे अश्रू आहेत. चार वर्षांच्या प्रेक्षकाला हे एका क्षणात कळतं, त्याला समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी आई-मुलींची गळाभेट दाखवायचा मोह कुणालाही झाला असता. मियाझाकींनी मुलींना झाडावर बसवलं आणि कणीस खिडकीत ठेवलं. आई घरी आल्याचं श्रेयनामावलीतल्या चित्रांत दिसतं. ज्या सिनेमानं दीड तास संयम पाळला त्यानं शेवटच्या मिनिटाला तो सोडला नाही.

चालला का, तर चित्रपटगृहात फार नाही. समीक्षकांनी उचलून धरला, ‘किनेमा जुन्पो’ मासिकानं १९८८ चा सर्वोत्तम जपानी चित्रपट म्हणून निवडला. १९८९ मध्ये टीव्हीवर दाखवला गेला तेव्हापासून तो घराघरांत शिरला, आणि कापडी टोटोरोंची विक्री त्यानंतरची. पुढे टोटोरो स्टुडिओचं बोधचिन्ह झाला. सायामाच्या टेकड्यांवरचं जंगल विकत घेऊन राखण्याची लोकचळवळ त्याच्या नावानं १९९० मध्ये सुरू झाली आणि पहिला तुकडा १९९१ मध्ये घेतला गेला.

आता तुमच्या टीमसाठी. आपला टोटोरो कसा दिसेल याची चित्रं काढत बसू नका. सुरुवातीला सगळे तेच करतात आणि महिने जातात. आधी एक मूल निवडा, खरंखुरं, आणि ते चप्पल कशी घालतं, दार कसं उघडतं, कंटाळलं की काय करतं, याच्या वह्या भरा. मग संवादाशिवाय तीन मिनिटांचा स्टोरीबोर्ड करा ज्यात ते मूल काहीतरी शोधतंय. तो बोर्ड वेळेसकट जोडून, म्हणजे अ‍ॅनिमॅटिक करून, पाच-सहा वर्षांच्या मुलांना दाखवा आणि पडद्याकडे न बघता मुलांकडे बघा. ती कुठे चुळबुळ करतात त्या जागा लिहून ठेवा. बऱ्याचदा चुळबुळ शांत जागी होत नाही, जिथे पात्र खोटं वागतं तिथे होते. त्या जागा दुरुस्त झाल्याशिवाय एकही स्वच्छ ड्रॉइंग सुरू करू नका. आणि अर्ध्या तासात निदान दोन ठिकाणी पात्राला नुसतं उभं राहू द्या, पण मागे काहीतरी हलत ठेवा: पाऊस, गवत, पडदा, काहीही.